सलग एकोणीस

आरशात दिसली तेव्हा ती चांदणी हर्षालीच्या डाव्या खांद्यावर होती, कुर्त्याच्या शिवणीच्या जरा खाली, सोनेरी, पाच टोकांची, एक टोक उचकटलेलं. गंगापूर रोडवरच्या ऑफिसचं बाथरूम, तिसरा मजला, नळाला पाण्याची बारीक धार, आणि हात धुवायला वाकलेली ती सहज वर बघते तर ही चांदणी. सकाळी सृष्टीने, तिच्या सात वर्षांच्या मुलीने, मागून येऊन खांद्यावर काहीतरी थापटलं होतं आणि ‘मम्मी, आज तू ओरडली नाहीस’ असं म्हणून पळ काढला होता. म्हणजे तेव्हापासून ही इथे आहे. म्हणजे मघाशी सव्वा तास फळ्यासमोर उभी राहून ती जे हातवारे करत बोलली, ते ही चांदणी मिरवतच बोलली, आणि समोरच्या सहा जणांपैकी एकालाही सांगावंसं वाटलं नाही. की त्यांना ते शोभूनच दिसलं? तिने नखाने चांदणी खरवडली. अर्धी निघाली, उरलेल्या अर्धीचा चिकटा कापडाला धरून बसला. तेवढ्यात तिच्या तोंडाला पाणी सुटलं. भुकेचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं तसलं, पातळ आणि खारट. तिने बेसिनच्या कडा धरल्या. आलं काहीच नाही. नुसता द्राक्षांचा वास आला, तिच्याच बोटांचा. मीटिंगमध्ये पॅकहाऊसवाल्या रोहितने आणलेली द्राक्षं सगळ्यांनी खाल्ली होती, तिनेही खाल्ली होती, बोलता बोलता एकेक मणी तोंडात टाकत, आपण काय बोलतो आहोत याची मजा घेत. तिने तिसऱ्यांदा साबण घेतला. बोटं एकमेकांना चिकटायची थांबेनात.

हर्षालीचं काम नेमकं काय, हे तिच्या माहेरी-सासरी कुणालाच धड समजलेलं नव्हतं. वणीला तिचे वडील, पुंजाराम, देवळाच्या पायरीवर भेटेल त्याला सांगत की पोरगी मोबाइलमधले गेम बनवते. तिने दोनदा समजावलं आणि मग सोडून दिलं, कारण समजावताना आपलाच आवाज आपल्याला कसा लागतो ते तिला ऐकू यायचं. गेम नव्हे हो दादा. जे गेम नाही त्याला गेमचे कपडे घालायचे. माणसाला जे काम नकोसं आहे ते त्याने आपण होऊन, हसत, पुन्हा पुन्हा करावं, अशी व्यवस्था लावायची. त्याचं शास्त्र आहे. ते ती पुण्यात दोन वर्षं शिकली आणि नाशकात आठ वर्षं तिने ते विकलं. नवं काही मिळाल्याच्या आनंदापेक्षा हातातलं गेल्याचं दुःख दुपटीने लागतं, म्हणून आधी द्यायचं आणि मग ते जाईल अशी भीती घालायची. बक्षीस दर वेळी द्यायचं नाही; कधी द्यायचं, कधी नाही, म्हणजे माणूस हात मागे घेत नाही. आणि जे काही घडेल ते चारचौघांत, भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. हे सगळं ती एके काळी डोळे चमकवत सांगायची. तेव्हा तिला वाटायचं की आपण लोकांचा कंटाळा घालवतो.

दिंडोरी रोडवरच्या त्या पॅकहाऊसचं काम आलं ते डिसेंबरात. द्राक्षं परदेशी जाणार, त्याआधी प्रत्येक घड हातात घेऊन कात्रीने त्यातले नासके, बारके मणी काढायचे, घड डब्यांत भरायचे, क्रेट पुढे सरकवायचा. थंडगार हॉलमध्ये पंचेचाळीस बाया, डोक्याला जाळीच्या टोप्या, हातात मोजे, गळ्यात आपापलं कार्ड. हंगामापुरत्या आलेल्या, बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या. हर्षालीने त्यांच्यासाठी ‘वेल’ बनवलं. भिंतीवर एक मोठा स्क्रीन, त्यावर प्रत्येकीच्या नावाचा वेल. क्रेट पूर्ण झाला की कार्ड लावायचं; वेलावरचा घड थोडा भरतो, टिंग असा आवाज येतो. सहा मिनिटांत पुढचा क्रेट नाही आला तर वेल सुकतो, मणी एकेक करून गळतात, सगळ्यांच्या देखत. सलग सगळ्यात जास्त टिकेल ती ‘आजची राणी’, तिचा फोटो, डोक्यावर मुकुट. शेवटच्या पाच जणींचं काय करायचं ते मालकांनी ठरवायचं, म्हणजे पुढच्या हंगामाला बोलवायचं नाही. ते ‘वेल’मध्ये नव्हतं, पण ‘वेल’मधूनच कळणार होतं. सहा मिनिटं हा आकडा हर्षालीचा. घड्याळ लावून दोन दिवस ती हॉलमध्ये बसली होती, क्रेटला सरासरी चार मिनिटं लागतात हे तिने काढलं, वर दोन मिनिटं उदारपणे दिली. संडास अंगणाच्या पलीकडे आहे आणि मोजे, टोपी, अॅप्रन काढून जाऊन यायला बारा मिनिटं लागतात, हे तिने मोजलं नाही. तिला ते सुचलंच नाही. ती स्वतः त्या दोन दिवसांत तिकडे चारदा जाऊन आली होती.

सुरुवात झाली त्या दिवशी बायांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात, यशाच्या भरात, तिने घरी फ्रिजवर तक्ता लावला. सृष्टी अंथरुणात शू करायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही नाही, आपोआप जाईल, तिला बोलू नका. हर्षाली बोलायची नाही. बोलायची नाही म्हणजे तोंड घट्ट मिटून चादर ओढून काढायची, गादी उभी करायची, आणि त्या मिटलेल्या तोंडाकडे बघत पोर कोपऱ्यात उभी राहायची. कधीकधी मात्र ती ओरडायचीच. मग तक्ता आला. कोरडी सकाळ, एक सोनेरी चांदणी. एक ओली सकाळ, सगळ्या चांदण्या काढायच्या, पुन्हा पहिल्यापासून. पहिले काही दिवस मोडतोड झाली. दोनदा चांदण्या उतरवल्या, तेव्हा सृष्टी रडली आणि हर्षालीला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं शास्त्रात बसत होतं. नंतर एकदाही नाही. सलग एकोणीस. त्या तक्त्याचा फोटो काढून तिने तो आपल्या सादरीकरणात घातला होता. ‘एका सात वर्षांच्या मुलीचं उदाहरण’ असं ती म्हणायची, नाव घ्यायची नाही, आणि नाव न घेण्याचं श्रेयही मनातल्या मनात स्वतःला देऊन टाकायची. आजही दाखवला. रोहित हसून म्हणाला होता की लहान काय, मोठी काय, सगळी सारखीच. आणि तीही हसली. हे आता बेसिनपाशी आठवलं आणि तिने नळ पुन्हा सोडला.

मीना. तिच्याबद्दल विचार करायचा नाही असं ठरवून ती बाथरूममधून बाहेर आली, जागेवर बसली, आणि दुसरा विचारच करता आला नाही. दहा दिवसांपूर्वी हर्षाली पॅकहाऊसवर गेली होती, बायांशी बोलायला. यालाही शास्त्रात नाव आहे, प्रश्नांची यादी असते. चहाच्या सुट्टीत शीतगृहाच्या मागे उन्हाला बसलेल्या बायांत मीना होती. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची, पंचविशीची, नवरा इथेच बागेत फवारणीला. तिच्या शेजारी भागीबाई, साठीच्या पुढची, डोळ्यांत फूल पडलेली, हात थरथरणारे. या भागीबाईचा मुकुटातला फोटो हर्षालीने स्क्रीनवर पाहिला होता आणि तेव्हाच तिला नवल वाटलं होतं. तिने सहज विचारलं, मावशींनी एवढे क्रेट कसे काय केले? बाया गप्प झाल्या. मग मीनाने इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाली, “ताई, तुम्ही बाईमाणूस म्हून सांगते. आमची सावड हाय.”

सावड म्हणजे काय ते हर्षालीला ठाऊक होतं, वणीकडे तिच्या चुलत्यांच्या शेतात असायची. मीनाने तरी समजावून सांगितलं. भात लावणीला कसं, आज समद्यांनी तुझ्या खाचरात, उद्या समद्यांनी माझ्या, तसंच हे. भागीमावशी बाहेर गेली की तिचं कार्ड मीनाच्या गळ्यात, एक क्रेट त्या कार्डावर. मीना गेली की विठाबाई. ज्या बाईला पाळी आली असेल तिला दोन दिवस सगळ्या मिळून सांभाळून घ्यायच्या. आधीचे चार दिवस बायांनी पाणीच प्यायचं सोडलं होतं, दोघींना जळजळ सुरू झाली, एकीला ताप आला, तेव्हा भागीबाईनेच हे काढलं. आणि राणीसुद्धा पाळीपाळीने. “नायतर येकच बाई रोज राणी व्हईल आन बाकीच्या तिचा राग करतील,” मीना म्हणाली. “शेठला सांगू नका बरं.” हर्षाली म्हणाली, वेडी आहेस का. आणि ते अगदी मनापासून म्हणाली. परतताना स्कूटीवर ती एकटीच हसत होती. पुण्यात शिकून, आठ वर्षं घासून बनवलेली व्यवस्था चहाच्या सुट्टीत, उन्हात बसल्या बसल्या या बायांनी उलटी करून वापरली होती. तिला खरोखर आनंद झाला होता. तो आनंद खरा होता, हे तिने आज दुपारपासून स्वतःला किती वेळा सांगितलं असेल.

आणि आज काय झालं होतं? काही झालं नव्हतं. कुणी दरडावलं नव्हतं, नोकरीची भीती घातली नव्हती. रोहित, मालकांचा मुलगा, तिच्याहून लहान, द्राक्षांची पेटी टेबलावर ठेवून नीट हसून बोलत होता. म्हणाला, मॅडम, एक कळत नाही. पंचेचाळीस बाया, आठ तास, महिना झाला, एकीचाही वेल सुकत नाही. आणि माल तर तेवढाच निघतोय. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय. वेदिका, तिची वरिष्ठ, वयाने चार वर्षांनी धाकटी, हिने हर्षालीकडे पाहिलं. ‘बघून सांगते’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. तिचं काम बिघडलं आहे असं रोहितला वाटलं असतं, आठवडाभर थोडी बदनामी झाली असती, हंगाम संपत आलाच होता, बाया आपल्या पाड्यांवर परतल्या असत्या. पण ‘खोटं बोलतंय’ हे तिच्या कानाखाली कुठेतरी लागलं. ती म्हणाली, सॉफ्टवेअर बरोबर आहे. रोहित म्हणाला, मग? आणि ती उठली, मार्कर घेतला, फळ्यावर पंचेचाळीस ठिपक्यांच्या ओळी काढल्या, बाण काढले, कोणाचं कार्ड कोणाच्या टेबलावर जातं, राणीपद कसं फिरतं, महिनाभरात एकही नाव का परत येत नाही. किती सुरेख काढलं तिने. वर ‘सावड’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मध्येच एक मणी तोंडात टाकला. खोलीतले सगळे पुढे झुकले होते. रोहित खुर्चीला टेकून म्हणाला, “मानलं मॅडम तुम्हाला. डोकं आहे.” वेदिकाने दाद म्हणून टेबलावर टकटक केलं. आणि हर्षालीच्या छातीत काहीतरी गरम, गोड, पसरत गेलं, खांद्यांपर्यंत, कानांपर्यंत. तिने ते ओळखलं. ते कसं पसरतं, किती वेळ टिकतं, त्यासाठी माणूस काय काय करतो, हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत होतं?

नावं सांगितली नाहीत हो मी, ती मनातल्या मनात कुणाला तरी म्हणाली. ठिपके काढले नुसते. पण ठिपक्यांना टेबलांचे क्रमांक होते, आणि सगळ्यात जास्त बाण सतरा नंबरवरून निघत होते, आणि सतरा नंबरला कोण बसतं हे रोहितला तोंडपाठ होतं. त्याने तिच्यासमोरच फोन लावला. कार्ड बंद, उद्यापासून दर क्रेटला अंगठा. आणि सतरा नंबरची म्हातारी उद्यापासून नको. मग फोन ठेवून उरलेली द्राक्षं पेटीसकट तिच्या हातात दिली, घरी न्या मॅडम, मुलीला द्या. वणीच्या शाळेत, चौथीत, बाई ऑफिसात जाताना हर्षालीच्या हातात खडू देऊन जायच्या. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, पुन्हा बोलला तर नावापुढे फुली. एकदा सगळ्या पोरांनी मिळून ठरवलं होतं की आज कुणीही बोललं तरी एकही नाव लिहायचं नाही, फळा कोराच ठेवायचा. हर्षालीनेही मान डोलावली होती. बाई आल्या, कोरा फळा पाहून म्हणाल्या, अगंबाई, आज मॉनिटर झोपली होती का? आणि तिने तिथल्या तिथे अकरा नावं लिहिली, पहिलं संजनाचं, तिच्या शेजारी बसणारीचं. बाईंनी पाठीवर थाप मारली. त्या थापेचा आवाज, बोटांवरची खडूची भुकटी, आणि संजनाने दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसणं, हे इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं. आज जसंच्या तसं आठवलं. तिला स्वतःची किळस आली, नऊ वर्षांच्या त्या दोन वेण्यांवाल्या शहाण्या मुलीचीही आली. डोकं दुखतंय असं सांगून ती चारलाच निघाली. मीनाला फोन करावा असं दोनदा वाटलं. पण फोन बायांना बाहेर पेटीत ठेवावे लागतात; तो नियमही हर्षालीनेच सुचवलेला होता.

इंदिरानगरला घरी पोहोचली तेव्हा पावणेपाच झाले होते. दीपक, तिचा नवरा, सातपूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायचा, पहाटे पाचला उठून, त्यामुळे या वेळेला तो घरी असायचा. ती एवढ्या लवकर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. दार उघडंच होतं. तिने द्राक्षांची पेटी ओट्यावर ठेवली, खोलीत डोकावली. सृष्टीच्या पलंगावर तिची निळी चादर घातलेली होती, माशांची, एक कोपरा टाचेने फाटलेला. चादरीवर गृहपाठाची वही. हर्षाली गॅलरीत गेली. गॅलरीत दोरीवर निळी चादर वाळत होती, माशांची. ती परत खोलीत आली, पलंगावरची चादर हाताने चाचपली, पुन्हा गॅलरीत जाऊन दोरीवरची चाचपली. ही नवी होती, कोपरा धड होता, आणि खालच्या काठाला अजून दमट. त्या घरात माशांची चादर एकच होती. म्हणजे एकच असल्याचं तिला माहीत होतं.

दीपक मागे येऊन उभा राहिला होता, हातात चिमट्यांची टोपली. वाळलेले कपडे काढून घ्यायला आला असणार, ती यायच्या आत.  तो खालच्या आवाजात म्हणाला, “अगं, तुझ्या त्या चांदण्या जातील म्हणून रडत होती पहाटे. मी म्हटलं, राहू दे.”

“एकोणीसपैकी किती?” हर्षालीने विचारलं.

“मोजलं नाही मी,” दीपक म्हणाला.

पहाटे पाचला, ती झोपलेली असताना, हा माणूस अंधारात चादर बदलत होता. शालिमारच्या बाजारात जाऊन त्याने तशीच दुसरी शोधून आणली होती. पोर उठून त्याला हलक्या हाताने उठवत असणार, पप्पा, झालं. दोघं मिळून ओली चादर बादलीत घालत असणार, आवाज न करता, आणि साडेसहाला ती उठली की सृष्टी फ्रिजपुढे उभी राहून चांदणी लावायची आणि दीपक टाळी वाजवायचा. हे सगळं तिच्यापासून लपवून. तिने खोलीच्या दाराकडे पाहिलं. सृष्टी चौकटीला टेकून उभी होती, एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत, आणि ती नजर हर्षालीने दहा दिवसांपूर्वी शीतगृहाच्या मागे पाहिली होती, तिने भागीबाईबद्दल विचारलं तेव्हा गप्प झालेल्या बायांची. त्या बाया स्क्रीनसमोरही अशाच बघत असतील. हर्षाली तोंड मिटून उभी राहिली, आणि आपलं तोंड मिटलेलं आहे हे लक्षात आल्यावर ते उघडायचं कसं तेही तिला सुचेना. दीपकने चादर काढली, घडी घातली, आणि चहा टाकू का असं विचारलं.

साडेसहाला मीनाचाच फोन आला. सुट्टी झाल्याबरोबर केला असावा, मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. ती सांगत होती, ताई, उद्यापासून अंगठा लावायचाय, भागीमावशीला येऊ नको म्हणाले. मावशीने तिथंच बसकण मारली, टोपी काढायला तयार नाही. हर्षाली ऐकत होती.  मग मीना म्हणाली, “कुणीतरी फोडलं, ताई. आमच्यातलीच असंल. दुपारधरनं बाया येकमेकीकडं बघत बी नायत. विठाबाईवर समद्यांचा डोळा हाय.” आणि मग लगेच, घाईघाईने, “तुमचं नाव निघालं व्हतं. मी सांगितलं, ताई तसल्या नायत.”

आता बोलायचं होतं. विठाबाई नाही, मी. इतकंच. बोललं की बाया पुन्हा एकमेकींकडे बघू लागतील, मीना तिला शिव्या देईल, फोन ठेवेल, आणि ते योग्यच होईल. हर्षालीला शब्द दातांपर्यंत आलेले जाणवले. पण मीनाच्या त्या ‘ताई तसल्या नायत’मध्ये पुन्हा तेच होतं, गरम, गोड, छातीत पसरणारं, आणि ते हातचं जाणार होतं. तिला सगळं शास्त्र आठवलं. हातातलं गेल्याचं दुःख किती पटीने लागतं ते आठवलं.

“मी बघते,” ती म्हणाली.

“बघा ताई. तुमचा लय आधार हाय.” फोन बंद झाला.

ती वळली तर सृष्टी स्वयंपाकघरात फ्रिजपाशी उभी. एका हातात रोहितच्या पेटीतला द्राक्षांचा घड, दुसऱ्या हातात चांदण्यांचा कागद. सकाळच्या धांदलीत आजची चांदणी लावायची राहून गेली होती, विसावा चौकोन कोरा होता. हर्षालीने जमेल तितक्या मऊ आवाजात सांगितलं, लाव ना बेटा, लाव. काही हरकत नाही. तिला वाटलं, एवढं तरी आपण आज बरं करतो आहोत.

सृष्टीने चांदणी कागदावरून सोडवली, बोटाच्या टोकावर धरली, आणि त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत राहिली. मान खाली घालून, पण स्पष्ट, ती म्हणाली, “नको मम्मी. आज ओलं झालं होतं.”

दीपक ओट्यापाशी तसाच थांबला. हर्षालीच्या हातातला फोन अजून गरम होता. पोर क्षणभर वाट बघत उभी राहिली, काय होतंय त्याची. काही झालं नाही. तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला. बोटावरची चांदणी वाया जाऊ नये म्हणून ती आईजवळ आली आणि खांद्यावर जिथे सकाळच्या चांदणीचा चिकटा राहिला होता नेमकी तिथे ती बसवली, अंगठ्याने दाबून दाबून पक्की केली.

“तू ओरडली नाहीस ना,” सृष्टी म्हणाली, आणि द्राक्षं खात खेळायला निघून गेली.